पुणे विद्यापीठात नव्यानं येताय? प्रवेशाच्या अर्जापासून पदवीच्या कागदापर्यंत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणजे नक्की काय, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. संगमनेरच्या कॉलेजात बीकॉम करणाऱ्या मुलीला विद्यापीठ दिसतं ते हॉल तिकिटावर आणि निकालाच्या दिवशी. आवारात एमएस्सी करणाऱ्या मुलाला विद्यापीठ म्हणजे त्याचा विभाग, जयकर ग्रंथालय आणि संध्याकाळचा कॅन्टीनमधला चहा. दोघांचंही बरोबर आहे, कारण एका नावाखाली इथे दोन संस्था चालतात. पहिली संस्था पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांच्या परीक्षा घेते, निकाल लावते, पदव्या देते. दुसरी गणेशखिंडीतल्या सुमारे ४११ एकरांच्या आवारात पदव्युत्तर वर्ग आणि संशोधन चालवते.

हा लेख दुसऱ्या संस्थेत येणाऱ्यांसाठी आहे. पण गाठ पहिलीशीही पडतेच, आणि नव्या मुलांचे बरेचसे हेलपाटे या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात. विषय, हजेरी, अंतर्गत गुण, बोनाफाइड यांसाठी आपल्या विभागाचं कार्यालय. पात्रता, मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना जुन्या विद्यापीठाकडून घ्यायचं प्रमाणपत्र), पदवी प्रमाणपत्र यांसाठी मुख्य प्रशासन आणि परीक्षा विभाग. कुठे जायचं कळत नसेल तर आधी विभागातल्या जुन्या शिपाई मामांना विचारा. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडकतो, हे माहितीपत्रकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

अर्ज आणि कागद

आवारातल्या बहुतेक विभागांचे प्रवेश ऑनलाइन प्रवेश परीक्षेतून होतात. जाहिरात साधारण उन्हाळ्यात निघते, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागण्याआधीच अर्ज भरावा लागतो. निकालाची वाट बघत बसलेल्यांचं वर्ष इथेच जातं. एकापेक्षा जास्त विभागांना अर्ज करता येतो, तो करा. शुल्क बघताना अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे तपासा. एकाच आवारात, शेजारशेजारच्या इमारतींत या दोन प्रकारच्या शुल्कांत मोठी तफावत असू शकते.

गुणवत्ता यादीत नाव लागलं की खरी परीक्षा कागदपत्रांच्या टेबलावर असते. समोरचे कर्मचारी मूळ प्रती एकेक उलटत जातात आणि मुलगा किंवा मुलगी पिशवीत हात घालून उभी असते. तिथे अडकवणाऱ्या गोष्टी दरवर्षी त्याच असतात. आधार कार्डावर नाव आधी आणि आडनाव शेवटी, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आणि एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली. जात प्रमाणपत्र आहे, पण पडताळणी झालेली नाही. पदवीनंतर एक वर्ष घरी होता, तर त्या वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याकडे मायग्रेशन नाही, आणि ते काढायला आता परत जळगाव किंवा नांदेड गाठायचं.

म्हणून मे महिन्यातच सेतू केंद्राच्या चकरा उरकून घ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस यांतलं जे लागू असेल ते नव्या आर्थिक वर्षाचं काढा. टीसी आणि मायग्रेशनसाठी जुन्या ठिकाणी निकाल लागल्या लागल्या अर्ज द्या. एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढून ठेवा, कारण श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आता त्या खात्यात जमा होतात. त्यातलं नाव गुणपत्रिकेशी जुळायला हवं. सगळ्या कागदांचे झेरॉक्सचे तीन-चार संच करून त्यांवर स्वतःची सही करून ठेवा. प्रवेशाच्या दिवशी आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जी रांग लागते, तीत उभं राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

खोलीचा प्रश्न

विद्यापीठाची वसतिगृहं आहेत, पण जागा मागणीच्या मानाने कमी आहेत. यादी प्रवेशानंतर लागते, गुणवत्ता आणि आरक्षण बघून. त्यामुळे पहिला महिना-दोन महिने बाहेरच काढायचे, असं धरून या. सामाजिक न्याय विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहंही शहरात आहेत. त्यांचा अर्ज वेगळा आणि यादीही वेगळी. पात्र असाल तर दोन्हीकडे अर्ज करा.

वसतिगृहात नंबर न लागलेला मित्र दुसऱ्याच्या खोलीत गादी टाकून राहतो, त्याला इथे 'पॅरासाइट' म्हणतात. नियमात हे बसत नाही, रेक्टरांची तपासणी होते, आणि पकडलं तर ज्याची खोली आहे त्याचाही प्रवेश धोक्यात येतो. तरीही कित्येकांची पुण्यातली पहिली रात्र अशीच गेलेली असते. चार दिवसांची अडचण म्हणून कुणी ठेवून घेतलं तर घेतलं. वर्षभराचा बेत त्यावर आखू नका.

बाहेर बघायचं तर खडकी, बोपोडी, औंध, सांगवी, गोखलेनगर, पांडवनगर, शिवाजीनगर या भागांत बघा. बाणेरही जवळ आहे, पण तिथली भाडी आयटीतल्या पगारांकडे बघून ठरतात. 'कॉट बेसिस' म्हणजे खोलीतली एक कॉट तुमची. पैसे देण्याआधी त्या खोलीत एकूण किती कॉट आहेत ते स्वतः मोजा, पाणी किती वाजता येतं ते राहणाऱ्या मुलांना विचारा (मालकाला नव्हे), आणि डिपॉझिट परत देण्याची अट लेखी घ्या. पूर्ण फ्लॅट घेत असाल तर अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करून घ्या. त्याची प्रत पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही चालते.

जेवणाचं म्हणाल तर मेस लावा, पण आधी चार दिवस कूपन घेऊन जेवून बघा. पुण्यात रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. नवा मुलगा हे पहिल्याच रविवारी रात्री साडेआठला, बंद शटरसमोर उभा राहून शिकतो. आवारात रिफेक्टरी आहे, कॅन्टीन आहेत. 'अनिकेत'मध्ये दुपारी बसायला जागा मिळणं कठीण, पण वेगवेगळ्या विभागांतली मुलं तिथे एका टेबलावर भेटतात, आणि ओळखी तिथूनच सुरू होतात.

आवार पायाखाली घाला

पीएमपीची बस विद्यापीठाच्या मुख्य दरवाजाशी सोडते. मनपा आणि शिवाजीनगरहून भरपूर बस आहेत. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, आणि नवा पूल आणि मेट्रोच्या कामांमुळे त्यानंतर चौकाची वळणं इतक्या वेळा बदलली की जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेला रस्ता धरून चालू नका. परीक्षेच्या दिवशी अर्धा तास हातात ठेवून निघा.

आत अंतरं मोठी आहेत. दरवाजापासून काही विभाग चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. जुनी सायकल मिळाली तर घ्या. आवारात तिच्याइतकं सोयीचं काही नाही. आणि सगळंच आवारात आहे असंही नाही. परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानीचे अर्धवेळ वर्ग चालतात, ते एमए-एमएस्सी सांभाळून करता येतात. भाषेच्या वर्गाची चौकशी करायला गणेशखिंडीत येऊन परत फिरलेली मुलं दरवर्षी दिसतात.

पहिल्या आठवड्यातली एक सकाळ मुख्य इमारतीसाठी ठेवा. मनोरा असलेली ही दगडी वास्तू १८६०च्या दशकात मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान म्हणून बांधायला घेतली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव इथे साजरा झाला. तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच गणेशखिंड रस्त्यावर. तुम्ही रोज बसमधून ज्या रस्त्याने येता, तोच हा. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांच्या मेजवान्यांची जागा विद्यापीठाचं कार्यालय बनली. सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये जोडलं गेलं. इमारतीमागे ॲलिस गार्डन आहे. वडाच्या झाडांवर राखी धनेश दिसतो. त्याच्या ओरडण्याकडे कान ठेवा, मग तो सापडतो.

विभागात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची आहे. मुख्य विषय, वैकल्पिक विषय, संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प अशी त्याची वाटणी असते. कॉलेजमधून येणाऱ्याला इथे सगळ्यात जड जातं ते अंतर्गत मूल्यमापन. कॉलेजात वर्षभर आरामात राहून शेवटच्या महिन्यात गाइड वाचून निभावलं असेल, तर तो हिशेब इथे चालत नाही. दर महिन्याला काही ना काही द्यायचं असतं: चाचणी, निबंध, सादरीकरण, प्रयोगवही. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारून या तारखा लिहून ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धसका असतो, आणि तो खोटा नाही. वाचायचं साहित्य बहुतांश इंग्रजीतच असतं. मानव्यविद्यांच्या बऱ्याच विषयांत उत्तरं मराठीत लिहायची मुभा असते; आपल्या विभागात ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. वाचन मात्र टाळता येत नाही. तिघा-चौघांनी मिळून एकेक लेख वाटून घ्यायचा, वाचून आठवड्यातून एकदा एकमेकांना मराठीत समजावून सांगायचा, ही पद्धत इथे पूर्वीपासून चालत आली आहे. कोचिंग क्लासच्या नोट्सपेक्षा ती नक्कीच उजवी आहे.

वैकल्पिक विषय दुसऱ्या विभागातून घेता येत असेल तर घ्या. नसेल तर तिथल्या शिक्षकांना विचारून एखाद्या तासाला मागे जाऊन बसा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या विभागातलं शिक्षण काही प्रमाणात चांगल्या कॉलेजातही मिळालं असतं. आवारात येण्याचा फायदा आहे तो शेजारच्या इमारतींमध्ये. संख्याशास्त्राच्या मुलाला मानवशास्त्राच्या मुलीची पाहणी तपासून देता येते. पाली किंवा संस्कृतच्या तासाला इतिहासाचा विद्यार्थी बसू शकतो. ललित कला केंद्राच्या नाटकांना आणि मैफलींना भौतिकशास्त्रातली मुलं गर्दी करतात.

जयकर

जयकर ग्रंथालयाचं ओळखपत्र प्रवेशानंतर लगेच काढा. त्याशिवाय पुस्तक घरी नेता येत नाही आणि परीक्षेच्या आधी बेबाकी दाखल्याची, म्हणजे काही देणं बाकी नाही या दाखल्याची, घाई होते. वाचनकक्षातली जागा हा वेगळाच विषय आहे. सकाळी दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर बॅगांची रांग लागलेली असते, मालक चहाला गेलेले. दार उघडलं की दहा मिनिटांत टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, जाडजूड चालू घडामोडींची पुस्तकं आणि रंगीत हायलायटर पसरतात. यातली बरीच मुलं एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. वसतिगृह आणि अभ्यासिका मिळावी म्हणून एमएला प्रवेश घेणारे इथे कमी नाहीत. गावाकडून आलेल्या मुलाला पुण्यात दोन वर्षं परवडणाऱ्या खर्चात राहायचा दुसरा मार्ग नसतो, त्यामुळे नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण तुमचाही बेत तोच असेल तर विषय तरी असा निवडा की जो मुख्य परीक्षेलाही उपयोगी पडेल, आणि अंतर्गत परीक्षा बुडवू नका. दोन प्रयत्न फसल्यावर हातात चांगल्या गुणांची एमए असणं आणि एटीकेटी (नापास विषय) राहिलेली असणं, यांत फार फरक पडतो.

जयकरमध्ये नाही ते शहरात सापडतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून. अर्थशास्त्रासाठी गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी वाचायला बसू देतात. हे पत्र मागायला लाजू नका.

कुंपणापलीकडचे शेजारी

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आवाराइतकंच महत्त्व शेजाऱ्यांचं. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था इथेच आहे. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या तिच्या आवाराच्या मध्यावर आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथला फूकोचा लंबक बघायला दहा मिनिटं थांबा. लंबक एका रेषेत झुलत राहतो आणि खालची जमीन पृथ्वीबरोबर हळूहळू वळते. ध्रुवावर ही पूर्ण फेरी एका दिवसात होते. पुण्याच्या अक्षांशावर तिला तीन दिवसांहून जास्त लागतात. फेरीचा वेळ अक्षांशाच्या ज्येवर, म्हणजे साइनवर ठरतो; पुस्तकात वाचलेली ही ज्या इथे प्रत्यक्ष समोर झुलते.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही बाजूलाच आहे. नारायणगावजवळच्या खोडदची ३० अँटेनांची दुर्बीण हेच केंद्र चालवतं. प्रत्येक अँटेना ४५ मीटर व्यासाची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण लोकांना बघायला मिळते, ती संधी सोडू नका. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आवारात आहे, संगणक संशोधनाची सरकारी संस्था सी-डॅकही इथलीच. १९९१ चा 'परम' महासंगणक त्यांचा. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प यांपैकी एखाद्या ठिकाणी करायचा असेल तर शास्त्रज्ञांना मेल पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर लगेच पाठवा. मेल चार-पाच ओळींचा असावा: तुम्ही कोण, त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला, त्यातलं काय करून बघायचं आहे, किती महिने वेळ आहे. 'आदरणीय सर, मला संशोधनाची अत्यंत आवड आहे' एवढंच लिहिलेल्या मेलला उत्तर येत नाही.

पैशांची सोय

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून होतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. जोडलेलं आहे असं बँकेनं तोंडी सांगितलं तरी स्वतः तपासा. अर्ज विभागाच्या लॉगिनमध्ये पुढे गेला का, तेही बघत राहा, कारण तो तिथे पडून राहिला तर कळवायला कुणी येत नाही. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मात्र ही रक्कम उशिरा आणि हप्त्यांनी येते. पहिल्या सत्राची मेस आणि भाडं यांची सोय तिच्या भरवशावर ठेवू नका.

'कमवा आणि शिका' ही विद्यापीठाची जुनी योजना आहे. विभागात, कार्यालयात, ग्रंथालयात किंवा बागेत दिवसाचे दोन-तीन तास काम आणि त्याचं तासावर मानधन. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच निघतात. रक्कम मोठी नसते, पण मेसचा भार हलका होतो आणि कार्यालयात काम मिळालं तर कागद कसे फिरतात ते आतून कळतं.

पुढे पीएचडी करायची असेल तर

नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट (राज्य पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) यांतून प्रवेश होतो. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती बघत राहा.

मार्गदर्शक निवडताना घाई नको. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात, म्हणून आधी त्यांच्याकडे जागा आहे का विचारा. मग शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडून वाचा आणि नोंदणीपासून सादरीकरणापर्यंत किती वर्षं लागली ते बघा. जमलं तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला चहाला न्या. मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून देतात, हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे. किमान मुदत तीन वर्षं आणि सर्वसाधारण कमाल सहा. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक आधी पूर्ण करावे लागतात.

निकालानंतर

गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती शिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. दोन्हींना मुदत असते आणि ती निकालाच्या दिवसापासून मोजली जाते. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. दीक्षान्त समारंभाआधी त्याचा वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, आणि अर्जातलं नाव तसंच्या तसं प्रमाणपत्रावर छापलं जातं. देवनागरीतलं स्पेलिंग दोनदा वाचून मगच पुढचं बटण दाबा. परदेशी जायचं असेल तर ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) गुणपत्रिकांच्या स्पष्ट प्रती पुणे सोडायच्या आधी स्कॅन करून ठेवा आणि दोन-चार संच एकदमच काढून घ्या.